शेवटच्या रांगेत कोण बसणार?

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मोटारगाडीवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो. आपल्या डिंडोली, नवागाम, गोडादरा, लिंबायत या परिसरात कुटुंबासाठी मोठी गाडी घेण्याकडे कल वाढला आहे. एके काळी दारात छोटी मारुती आली तरी गल्लीत पेढे वाटले जात. आता सात जणांची एसयूव्ही हवी असते. कारण उघड आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे खानदेशात आहेत. पोटापाण्यासाठी आपण तापीच्या या टोकाला स्थिरावलो, पण आखाजी, दिवाळी, कानबाई, भाच्याचे लग्न किंवा वडिलांचे वर्षश्राद्ध यांसाठी धुळे, नंदुरबार, जळगावच्या वाटा सुटलेल्या नाहीत. शिवाय आपले प्रवास एकट्यादुकट्याचे नसतात. घर निघाले की सगळे घर निघते. ‘लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून’ या म्हणीला ‘गाडी पाहावी घेऊन’ असे तिसरे शेपूट जोडायला आता हरकत नाही.

राहिला प्रश्न डॉक्टरांच्या अधिकाराचा. अपघातानंतर रुग्ण आपल्याकडेच आणला जातो. मग अपघातापूर्वी दोन शब्द बोलण्याचा अधिकारही आपल्याला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्या घरी नवी गाडी घेण्याचा विषय निघाला तेव्हा दोन नावे पुढे आली: टाटांची सफारी आणि महिंद्रांची स्कॉर्पिओ-एन. घरातील माणसे मोजली तर नेमकी सात भरतात. गुडघेदुखीने त्रस्त असलेली आई, आम्ही उभयता, चौथीत शिकणारा मुलगा, तीन वर्षांची मुलगी, आणि गावी जाताना बरोबर येणारे धाकटा भाऊ व वहिनी. दोन्ही गाड्यांविषयी माझ्या व्यवसायबंधूंनी हिरिरीने मते मांडली. कोणी इंजिनाच्या ताकदीवर बोलले, कोणी छतावरच्या काचेच्या झरोक्यावर, कोणी समोरच्या मोठ्या पडद्यावर. सौ.ने मात्र शोरूमची पायरी चढण्यापूर्वीच एक साधा प्रश्न विचारला : “शेवटच्या रांगेत कोण बसणार?”

माझ्या मते सारी तुलना याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवी. रुग्णाच्या तपासण्या लिहून देण्यापूर्वी आपण त्याची हकिगत ऐकतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण उलटे वागतो. आधी तपासणीचे अहवाल चाळतो आणि हकिगत, म्हणजे कोण बसणार, कुठे जाणार, वर्षातून किती वेळा जाणार, हे विचारतच नाही.

आता या दोन गाड्यांकडे वळू. दोन्ही नावे आपल्या पिढीला परिचित आहेत. पहिली सफारी १९९८ मध्ये आली आणि पहिली स्कॉर्पिओ २००२ मध्ये. त्या जुन्या गाड्यांच्या मागच्या भागात समोरासमोर तोंड करून बसायची बाके असत, आणि त्यांवर मुलांना दाटीवाटीने बसवून अनेक वऱ्हाडे खानदेशात गेली आहेत. आजच्या गाड्यांनी फक्त नावाचा वारसा घेतला आहे. नवी सफारी फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आली व २०२३ मध्ये तिचे रूप सुधारले. स्कॉर्पिओ-एन जून २०२२ मध्ये आली. दोन्हींत तिसरी रांग आता समोर तोंड करून आहे.

मापे पाहिली तर दोघी जवळजवळ जुळ्या बहिणी शोभतात. सफारीची लांबी ४,६६८ मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एनची ४,६६२. रुंदी अनुक्रमे १,९२२ आणि १,९१७. म्हणजे आरसे सोडून सव्वासहा फुटांहून थोडी अधिक रुंदी. डिंडोलीच्या आतल्या गल्ल्यांत, दोन्ही बाजूंना दुचाकी उभ्या असताना, दोघी सारख्याच अडचणीच्या ठरतील. तेव्हा ‘कोणती लहान आहे’ हा विचार करण्यात अर्थ नाही. फरक आहे तो आतल्या हाडांच्या रचनेत.

स्कॉर्पिओ-एन ही शिडीसारख्या मजबूत पोलादी सांगाड्यावर वेगळा पिंजरा बसवून केलेली गाडी आहे. ट्रकची रचना अशीच असते. तिच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते, आणि डिझेलच्या काही प्रतींत चारही चाकांना. माणसे आणि सामान भरून चढ चढताना, किंवा पावसाळ्यात गावाबाहेरच्या चिखलातून शेतापर्यंत जाताना ही रचना उपयोगी पडते. सफारीचा सांगाडा आणि पिंजरा एकजीव आहे. तिचा पाया लँड रोव्हरच्या एका रचनेवरून घेतलेला आहे, आणि ताकद पुढच्या चाकांना मिळते. पक्क्या रस्त्यावर, विशेषतः वेगात, अशी गाडी कमी हेलकावते आणि खड्ड्याचा धक्का आतल्या माणसापर्यंत सहसा सौम्य होऊन पोहोचतो. स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या आसाची बांधणी जुन्या स्कॉर्पिओच्या मानाने पुष्कळ सुधारली आहे, हेही मान्य केले पाहिजे. ताकदीच्या दृष्टीने दोघींत कोणीच दुबळी नाही : सफारीचे दोन लिटरचे डिझेल इंजिन १७० अश्वशक्तीचे, तर स्कॉर्पिओ-एनचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन वरच्या प्रतींत १७५ अश्वशक्तीचे.

इंधनाविषयी एक गोष्ट डॉक्टरमित्रांनी अवश्य ध्यानात घ्यावी. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची मानके लागू झाली, आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी आली. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने काही वेळ चालावी लागते. आपले बहुतेकांचे रोजचे चालणे घर ते दवाखाना, दवाखाना ते रुग्णालय, असे दोन-चार किलोमीटरांचे. असे महिनोन्‌महिने चालले तर गाळणी तुंबते. तेव्हा महिन्यातून एकदाही महामार्गाचे तोंड पाहणार नसाल तर पेट्रोलचा विचार करावा. स्कॉर्पिओ-एनमध्ये पेट्रोल इंजिन पहिल्यापासून आहे; सफारी बराच काळ केवळ डिझेलवर होती, आणि २०२५ च्या अखेरीस तिच्यासाठीही पेट्रोल इंजिन जाहीर झाले.

येथवर जे लिहिले ते कोणताही जाणकार विक्रेता सांगेल. यापुढचे मात्र डॉक्टर म्हणून सांगावेसे वाटते.

दोन्ही गाड्यांना ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, आणि जाहिरातीत तेवढेच ठळक छापले जाते. पण या निकालपत्रिकेत दोन विषय असतात : मोठ्यांची सुरक्षा आणि लहान मुलांची सुरक्षा. स्कॉर्पिओ-एनची चाचणी डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली. मोठ्यांच्या विषयात तिला ३४ पैकी २९.२५ गुण व पाच तारे मिळाले. मुलांच्या विषयात ४९ पैकी २८.९३ गुण आणि तीनच तारे. सुधारित सफारीचा निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. मोठ्यांसाठी ३४ पैकी ३३.०५, मुलांसाठी ४९ पैकी ४५, आणि दोन्ही विषयांत पाच तारे. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या देशाच्या ‘भारत एनकॅप’ चाचणीचे पहिले निकाल आले, त्यातही सफारीला दोन्ही विषयांत पाच तारे मिळाले. ज्या घरात तीन वर्षांचे मूल आहे, त्या घराने पाच आणि तीन यांतला फरक दुर्लक्षित करू नये.

परंतु तारे म्हणजे सर्वस्व नव्हे. परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला की निकाल बदलतो. ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत २०२३ मध्ये याच स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले, कारण तेथे संकटाच्या वेळी आपोआप ब्रेक लावणारी आणि गाडी आपल्या मार्गिकेत ठेवणारी यंत्रणा असणे महत्त्वाचे मानले जाते, आणि ती त्या गाडीत नव्हती. एका देशात पाच, दुसऱ्या देशात शून्य. गाडीचे पोलाद तेच. प्रयोगशाळेचा अहवाल आपण जसा संदर्भमर्यादा पाहून वाचतो, तसेच हे तारेही वाचले पाहिजेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ग्लोबल एनकॅपच्या समोरून धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. पुढच्या दोन जागांवर मोठ्या माणसांचे पुतळे असतात आणि त्यांच्या मागच्या रांगेत लहान मुलांचे दोन पुतळे, तेही मुलांच्या खास आसनात बांधलेले. तिसऱ्या रांगेत कोणीही बसवलेले नसते. म्हणजे पाच तारे मिळालेल्या गाडीतही शेवटच्या रांगेची परीक्षा झालेलीच नसते. मागून ट्रक येऊन आदळला तर त्या रांगेचे काय होईल, हे निकालपत्रिका सांगत नाही. तिसऱ्या रांगेच्या पाठीमागे थोडी जागा आणि मागचा दरवाजा, एवढेच काय ते असते.

आणि आपण त्या रांगेत कोणाला बसवतो? पुढे घरातला कर्ता पुरुष, मधे पाहुणे किंवा जावईबापू, आणि मागे मुले. मुले नसतील तर मग “मी बसते रे मागे, मला काय, कुठंही चालतं” असे म्हणणारी आई. आपल्याकडे आईला कुठेही चालते, हे आपण फार सहज गृहीत धरतो.

म्हणून आम्ही दोन्ही गाड्यांच्या चाचणी-फेरीला आईला बरोबर नेले. विक्रेत्याने चालकाच्या जागेचे दार उघडून धरले होते. मी मात्र आईला मागे बसवून स्वतःही तिच्या शेजारी बसलो, आणि भावाने गाडी कडोदऱ्यापर्यंत चालवून परत आणली. स्कॉर्पिओ-एन उंच आहे, त्यामुळे चढताना आईला दोनदा हात द्यावा लागला. सफारीत मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली सहा जणांची प्रतही मिळते. तिच्यात दोन खुर्च्यांमधून मागे सरकता येते. (स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या प्रतींतही अशा खुर्च्या आहेत.) स्कॉर्पिओ-एन बाजारात आली तेव्हा तिच्या तिसऱ्या रांगेला थंड हवेचे स्वतंत्र झरोके नव्हते, सफारीत ते आहेत. वैशाखात व्यारा-सोनगढच्या उन्हात हा फरक क्षुल्लक नाही. बसण्याची ढब मात्र दोन्हींत सारखीच खटकली : जमिनीपासून बैठक कमी उंच, त्यामुळे गुडघे पोटाकडे येतात आणि मांडीला पुरता आधार मिळत नाही. गुडघ्यांची झीज झालेल्या माणसाने असे तीन तास बसल्यावर उतरताना त्याचे काय होते, हे या वाचकांना सांगायला नको.

दुसरे असे की, तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा पलीकडे येते. प्रत्येक गतिरोधकावर तेथील माणूस पुढच्यापेक्षा जास्त उचलला जातो, आणि समोरचा रस्ता त्याला नीट दिसत नाही. कान एक सांगतो, डोळे दुसरे सांगतात, आणि मळमळ सुरू होते. आईने हेच शरीरशास्त्र अहिराणीत एका वाक्यात सांगितले : “मांगे बसनू का जीव मयमय करस रे भाऊ.” हा अनुभव कडोदऱ्याच्या सरळ रस्त्यावरचा. नवापूर ओलांडल्यावर कोंडाईबारीचा घाट अजून पुढेच असतो.

आता पट्ट्याविषयी. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथराव मुंडे यांचे दिल्लीत अपघाती निधन झाले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. ते मोटारीत मागच्या आसनावर बसलेले होते, आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर कठड्यावर आदळली. हा आपल्या सुरत-मुंबई वाटेवरचाच महामार्ग. पुढच्या जागांवरचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या जागांवरचे दोघे दगावले, आणि त्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असे तपासात पुढे आले. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी पट्टा न लावलेल्यांची संख्या १६,७१५ होती. ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. चालक आणि प्रवासी जवळजवळ निम्मे-निम्मे. आपण मात्र पट्टा ही चालकाची आणि पोलिसाची आपसातील बाब समजतो.

मागच्या आसनावर पट्टा लावणे कायद्यानेही बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनात बांधलेले नसेल तर दंडाची तरतूद आहे. तरीही बाळाला मांडीवर घेणे हेच आपल्याकडे सर्वांत सुरक्षित मानले जाते. साधे गणित करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागेल. आईच्या मायेत तेवढे बळ असेलही, पण तिच्या मनगटात नसते.

काही मित्र म्हणतील, एवढा विचार केला तर माणूस गाडीच घेणार नाही. एक आक्षेप मात्र मला विचारात घेण्यासारखा वाटतो. आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, “वर्षातून चार वेळा लागणाऱ्या रांगेसाठी वर्षभराची गाडी कशी ठरवायची? गावाकडे शेवटचे पाच किलोमीटर रस्ताच नाही. तिथे तुमची सफारी अडकली तर?” हा मुद्दा खरा आहे. ज्याची तिसरी रांग बहुतेक वेळा दुमडलेली राहते आणि तिथे धान्याची पोती, शेवग्याच्या शेंगा, लोणच्याच्या बरण्या प्रवास करतात, ज्याला खरोखर शेतापर्यंत जायचे आहे, त्याने स्कॉर्पिओ-एन घ्यावी. तिच्या जातीचे काम ती उत्तम करील. मात्र वरची प्रत परवडते का ते पाहावे, कारण २०२२ मध्ये तिच्या खालच्या प्रतींत दोनच एअरबॅग होत्या, तर सफारीच्या २०२३ च्या रूपात सर्व प्रतींत सहा दिलेल्या आहेत. एअरबॅगसाठी छताचा झरोका सोडावा. झरोक्यासाठी एअरबॅग सोडू नये.

आमच्या घराचा निर्णय सफारीच्या बाजूने झाला. तीन वर्षांच्या मुलीसाठी मुलांच्या सुरक्षेचे पाच तारे, आईसाठी मधली रांग आणि तुलनेने सोपा चढ, व महामार्गावरची स्थिरता, ही त्यामागची कारणे. पण गाडी ठरली तशी बसण्याची व्यवस्थाही घरात ठरली, आणि या लेखाचा खरा आग्रह तोच आहे. आई मधल्या रांगेत, खिडकीशी. मुलगी मधल्याच रांगेत, ‘आयसोफिक्स’च्या कड्यांना अडकवलेल्या तिच्या आसनात. आणि शेवटच्या रांगेत मी किंवा भाऊ, म्हणजे ज्यांचे गुडघे वाकतात आणि ज्यांना पट्टा स्वतः लावता-सोडता येतो असे धडधाकट लोक. घरच्या कर्त्याने मागे बसणे कुणाला विचित्र वाटेल. वाटो.

सात जागांची गाडी म्हणजे सात माणसांना कायम पुरणारी गाडी, हा समजही सोडून द्यायला हवा. सात पट्टे असतील तर सातच माणसे. आठवा ‘लहानच तर आहे’ म्हणून मांडीवर नाही. लग्नाला दहा जण निघाले तर दोन गाड्या कराव्यात. नाहीतर आपल्या शेजारीच उधना स्थानक आहे. तेथून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही आपल्याच माणसांची वाट रुळांवरून जाते. वृद्धांना गाडीने पाठवून बाकीच्यांनी मागून येण्यात कमीपणा कसला?

गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने पुढील गोष्टी कराव्यात, असे सुचवतो. चाचणी-फेरीला घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला आणि सर्वांत लहान मुलाला बरोबर न्यावे. निदान अर्धा तास स्वतः शेवटच्या रांगेत बसून पाहावे. मधल्या रांगेच्या मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा आहे की नुसता कमरेचा, ते विचारावे. निकालपत्रिकेतील मुलांचे गुण वेगळे वाचावेत, आणि चाचणी झालेली प्रत व आपण घेत असलेली प्रत यांत एअरबॅगचा फरक आहे का, ते लेखी विचारून घ्यावे. बाळाच्या आसनाचा खर्च गाडीच्या अंदाजपत्रकातच धरावा.

डॉक्टरमित्रांना आणखी एक विनंती. आपल्या वस्तीत डॉक्टरच्या दारात कोणती गाडी उभी आहे, हे लोक पाहतात. तिच्यात डॉक्टर कसे बसतात, हेही पाहतात. आपण मागच्या आसनावर पट्टा लावला तर दवाखान्यात त्याविषयी वेगळे सांगावे लागणार नाही. आणि सांगितलेच, तर ते ऐकले जाईल. रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी’ म्हणतो तितक्याच सहजतेने ‘गावी जाताना मुलांना कुठे बसवता?’ असे विचारावे. त्या एका प्रश्नाला औषधाच्या चिठ्ठीइतकाच कागद लागतो, आणि तो कागदही कोरा चालतो.

गाडी कोणतीही घ्या. सफारी घ्या, स्कॉर्पिओ-एन घ्या, अंथरूण पाहून याहून लहान घ्या. ऋण काढून आपण ती घेतो ती आपल्या माणसांना आपल्या मातीपर्यंत सुखरूप नेण्या-आणण्यासाठी. तेव्हा गावी निघताना किल्ली फिरवण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे, सगळ्यांचे पट्टे लागले का ते विचारावे, आणि मगच गाडी पुढे काढावी.